पंधरा नोव्हेंबरचं लोखंड

ही २००७ सालची गोष्ट. त्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी बिशप्स बेंड गावात, सेंट कॅसिमिर चर्चच्या मागच्या मैदानावर, जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लॉटी पिलार्स्की यांनी भर मैदानात एका इंजिनाला अनौरस ठरवलं.

गावातली ओतशाळा बंद पडून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. मिशिगनमधल्या त्या नदीकाठावर एकेकाळी तीन पाळ्यांत भट्ट्या धगधगत, आणि देशभर डरकाळ्या फोडत धावणाऱ्या मसल कार गाड्यांच्या इंजिनांचे ब्लॉक तिथं ओतले जात. आता तिथं गवत होतं आणि एक पाटी होती. मेळ्यात मात्र ओतशाळेच्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांना मानाचे पाहुणे म्हणून कापडी मांडवाखाली बसवत, छातीला बिल्ला लावत आणि एकेक हॉटडॉग फुकट देत.

लॉटीबाईंनी एकतीस वर्षं गाभेखात्यात काढली होती. इंजिनात जिथं जिथं पोकळी हवी तिथं साच्यामध्ये वाळूचे भाजलेले गाभे बसवावे लागतात. ते गाभे बनवायचं काम बायकांकडे असे. पण गावात त्यांचा मान होता तो त्यांच्या आठवणीमुळे. कुणाच्या लग्नात केक कलंडला, कुठल्या वर्षी नदी कोणत्या पायरीपर्यंत चढली, कुणाच्या बारशाला कोण रुसलं, सगळं तोंडपाठ. चर्चचे फादरसुद्धा जुन्या नोंदी उघडण्याआधी त्यांना फोन करत. टाउन हॉल जळला तरी चालेल, पण लॉटीला सर्दी होता कामा नये, असं लोक म्हणत. लॉटीबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि पुढचे दोन दिवस खुशीत असत.

त्या दिवशी मांडवासमोरच वेंडेल ओस्ट्रँडर यांची गाडी उभी होती. वेंडेल शेजारच्या गावचे दातांचे डॉक्टर. नारिंगी रंगाची, दोन दारांची, १९६९च्या मॉडेलची ती गाडी त्यांना एका गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात सापडली होती. नऊ वर्षं त्यांनी तिच्यावर घालवली. त्यांची बायको म्हणे की एवढी वर्षं माझ्यावर घालवली असती तर मीही चकाकले असते.

अशा गाडीत एकच गोष्ट पाहतात. कारखान्यातून बाहेर पडताना जे इंजिन तिच्या पोटात होतं, तेच आजही आहे का? असेल तर ती कुलीन. नसेल तर नुसता पत्रा, मग रंग कितीही चढवा. सोयरिकीच्या वेळी सात पिढ्या खणतात ना, तसं हे लोक ब्लॉक खणतात. आणि खणणारे होते कर्टिस हॅनली, ओहायोहून आलेले परीक्षक, अशा गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. हॅनली आपल्या सख्ख्या भावाच्या शब्दावरही विश्वास ठेवत नसत. हातात विजेरी, डोळ्याला भिंग, आणि दांडीचा छोटा आरसा. आरसा त्या दिवशी वेंडेलनीच दिला होता, दवाखान्यातला.

हॅनलींनी आधी ब्लॉकच्या पुढच्या बाजूची सपाट पट्टी पाहिली. तिथं गाडीचा आणि इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. बनावट करणारे ती पट्टी घासून नवे आकडे ठोकतात, पण घासताना कारखान्याच्या यंत्रानं उमटवलेल्या बारीक समांतर रेघा पुसल्या जातात. इथं रेघा जागच्या जागी होत्या. मग ते गाडीखाली सरपटत गेले आणि ब्लॉकच्या मागच्या अंगाला, लोखंडातच ओतलेली तारीख आरशात वाचू लागले.

"के, पंधरा, आठ," खालून आवाज आला. "के म्हणजे अकरावा महिना. पंधरा नोव्हेंबर अडुसष्ट. गाडी जोडली दोन डिसेंबरला. सगळं जुळतंय, डॉक्टर."

वेंडेलनी बायकोचा हात धरला. मांडवात लॉटीबाईंनी हॉटडॉग खाली ठेवला.

"काय तारीख म्हणालात?"

"पंधरा नोव्हेंबर, मॅडम."

"मग ते आमच्याकडचं नाही. पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे फक्त हरणं पडतात. लोखंड नाही."

मांडवातले सगळे म्हातारे खो खो हसले. हॅनली परके, त्यांना हसण्यासारखं काय ते कळेना. पण तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पंधरा नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी गावातल्या पुरुषांना ताप येई. ओतशाळेत चारशे माणसांपैकी साडेतीनशेंना एकदम, आणि ताप उत्तरेच्या जंगलात जाऊनच उतरे. त्या दिवशी कामावर जाणं म्हणजे भाऊबंदांना उघडं पाडणं. जो जाईल त्याच्याशी वर्षभर कुणी पत्ते खेळलं नसतं. मागं राहिलेल्या बायका तरी कशाला गाभे भाजत बसतील? त्याही सुट्टी घेऊन शहरात खरेदीला जात.

"एकोणचाळीस वर्षं झाली, मॅडम," हॅनली अदबीनं म्हणाले. "नक्की आठवतंय?"

"शुक्रवार होता. सकाळी धुकं होतं. मी आणि माझी भावजय हेलन पावणेनऊच्या बसनं गेलो. तिनं बूट घेतले, ते तिला चावले. भट्टीच्या धुरांड्यातून धूर नव्हता."

"धुक्यात धुरांडं दिसलं?"

"दिसायला धूर असावा लागतो ना!" लॉटीबाई म्हणाल्या, आणि मांडव पुन्हा हसला. "आणि माझा नवरा फ्लोरियन त्याच साच्यांवर कामाला होता. तो त्या दिवशी माझ्या भावाबरोबर जंगलात होता. शिंगांना बारा फाटे असलेला नर मारला त्यानं. गावात तेवढा मोठा आजवर कुणी मारला नाही. त्याचं डोकं नेमबाज क्लबाच्या भिंतीवर आहे, खाली पितळी पाटी आहे, पाटीवर तारीख आहे. बघून या."

आणि जो माणूस लोखंडावर ओतलेली तारीख भिंग लावल्याशिवाय मानत नव्हता, तो खरंच रस्ता ओलांडून क्लबात गेला, मेलेल्या हरणाखालची पाटी वाचून परत आला आणि आपल्या कागदावर लिहिता झाला: तारीख संशयास्पद, बहुधा नंतर बनवलेली. वेंडेलची गाडी बदललेल्या गाड्यांच्या रांगेत गेली, दोन्ही बाजूंना ज्वाळा रंगवलेल्या एका टेम्पोशेजारी.

"नऊ वर्षं, मिसेस पिलार्स्की," वेंडेल एवढंच म्हणाले.

"दाताला कीड असली तर तुम्ही सांगता की नाही, डॉक्टर? तसंच हे."

बुधवारी सकाळी वेंडेल त्यांच्या दारात उभे. हातात पाकीट.

"मी भांडायला आलो नाही."

"भांडणाऱ्यालाही मी कॉफी देते. या."

लॉटीबाईंनी कॉफी ओतली, जर्दाळूचा मुरंबा भरलेल्या बिस्किटांची, कोलाचकींची बशी पुढं केली. वेंडेलनी फोटो टेबलावर मांडले. मेळ्यानंतर त्यांनी इंजिन खाली उतरवलं होतं आणि तारखेच्या आसपासचा चाळीस वर्षांचा मळ दात घासायच्या ब्रशानं काढला होता.

"हे बघा. तारखेला अगदी लागून. तीन पुटकुळ्या, त्रिकोणात. ओतण्याआधी वाळूत कुणीतरी खिळ्याचं डोकं दाबलंय. मला एवढंच विचारायचंय, खोटी तारीख बनवणारा माणूस हे कशाला बनवेल?"

लॉटीबाईंनी फोटो उचलला. मग तो खाली ठेवून त्या कोलाचकींची बशी सरळ करू लागल्या, आधीच सरळ होती ती.

त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची, फ्लोरियनची खूण होती ती. साच्यात गाभे बसवणाऱ्या प्रत्येकाची काही ना काही चोरटी खूण असे. कुणी आद्याक्षर काढी, कुणी फुली. फ्लोरियनची तीन ठिपके. पाळीतल्या पहिल्या साच्यावर तो ती दाबायचा. घरातल्या फावड्याच्या दांड्यावर तेच तीन ठिपके होते, शिडीवर होते, खुंटीला टांगलेल्या त्याच्या पत्र्याच्या डब्यावर होते. डबा वेंडेलच्या डोक्यामागेच लटकत होता.

"तुम्ही ओळखता ही खूण?"

"मला चष्मा बदलायचाय, डॉक्टर. पुढच्या आठवड्यात या."

चष्मा त्यांनी जूनमध्येच बदलला होता.

वेंडेल गेल्यावर बाईंनी बसून हिशेब मांडला. तारखेची पट्टी साच्यावर रोज सकाळी बदलत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे पंधरा नोव्हेंबरला लोखंड ओतलं गेलं होतं, आणि त्या वाळूवर फ्लोरियनचा हात होता. नवरा आपल्याला फसवून भलतीकडे जात होता हे चार बायकांना कळतं तसं त्यांना कळलं होतं. फक्त भलतीकडे म्हणजे भट्टीवर, असं काही कुणा बाईला आजवर कळलं नसेल.

त्या उठल्या आणि भावाकडे गेल्या. स्टॅश त्र्याऐंशी वर्षांचा. गॅरेजमध्ये मासेमारीचं रीळ उलगडत बसला होता.

"स्टॅश, अडुसष्ट साली पंधरा नोव्हेंबरला फ्लोरियन कुठं होता?"

"जंगलात. माझ्याबरोबर. बारा फाट्यांचा..."

"रिळाला नको सांगूस. मला सांग."

स्टॅशनं वर पाहिलं. "हेलन घरात आहे का?"

"दुकानात गेली."

"मग बस. त्या बादलीवर बस."

लॉटीबाई बादलीवर बसल्या.

"पहिल्या वर्षी आला होता तो," स्टॅश म्हणाला. "तुमच्या लग्नानंतरची पहिली शिकार. आम्ही सहा जण, नवा जावई म्हणून पहिला नेम त्याला दिला. समोर हरीण, तीस पावलांवर, गायीसारखं उभं. आणि तुझ्या नवऱ्यानं काय करावं? बंदूक खाली ठेवली आणि हरणाला शुक शुक केलं! लॉटे, शुक शुक! सगळ्यांदेखत!"

"पळालं?"

"नाही तर काय, थांबून आभार मानेल? मग मला बाजूला घेऊन म्हणाला, स्टॅश, माझ्याच्यानं नाही होत. पण लॉटीला सांगू नकोस. तिचा बाप शिकारी, भाऊ शिकारी, तिला वाटेल हे काय पडलं आपल्या पदरात."

"मग?"

"मग पुढच्या वर्षापासून तो आमच्याबरोबर बंदूक घेऊन निघायचा, तू दारातून हात हलवायचीस, आणि गावाबाहेर पडलो की आम्ही त्याला माझ्या होडीच्या शेडपाशी उतरवायचो. तिथं शेगडी होती. पंधराला तो मागच्या फाटकानं कामावर. फोरमन एक भट्टी आणि एक रांग चालवायचा, नऊ माणसं घेऊन. एक एका डोळ्यानं अधू, दोघं दक्षिणेतले, थंडीला भिणारे, असे. सगळ्यांनी शपथ घेतलेली. कळलं असतं तर गावानं वाळीत टाकलं असतं त्यांना. बदल्यात उन्हाळ्यात सुट्ट्या मिळायच्या. तूच म्हणायचीस ना, फोरमन फ्लोरियनला लाडावतो?"

"आणि मांस?"

"माझ्या वाट्यातलं."

"आणि बारा फाट्यांचा?"

स्टॅशनं रीळ खाली ठेवलं. चाळीस वर्षं तुंबलेलं पाणी होतं ते.

"तो मी मारला! मी! माणशी एक परवाना, एक चिठ्ठी, एक नर. सकाळी सातलाच मी एक पाडला, शेळीएवढा, आणि घाईघाईनं माझी चिठ्ठी त्याच्या शिंगाला बांधून मोकळा झालो. दहा वाजता हा राजा समोर आला. आता काय करू? खिशात फ्लोरियनची चिठ्ठी होती, दिखाव्यासाठी नेलेली. बांधली. आणि तेव्हापासून दर शुक्रवारी त्या डोक्याखाली बसून मी मासे खातोय, आणि जो येतो तो मला ऐकवतो, काय नेम होता हो तुमच्या मेव्हण्याचा!"

लॉटीबाईंना हसू आलं असतं, पण दुसरंच काही आठवलं.

"मला हरणाचं मांस कधी आवडलं नाही, स्टॅश. चोवीस हिवाळे रांधलं. आंबट साय घालून, मशरूम घालून, वास घालवायला काय काय करून. तो इतक्या ऐटीत घेऊन यायचा म्हणून."

"त्यालाही नाही आवडायचं. मला म्हणायचा, यंदा मिळालं नाही असं सांगू का? मग स्वतःच म्हणायचा, नको, लॉटी वाट बघत असते."

घरी येताना लॉटीबाई रागानं चालत होत्या. म्हणजे नेहमीपेक्षा थोड्या जोरात. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडत होतं? एका दातांच्या डॉक्टरचं. मेलेल्या माणसाची अब्रू शाबूत राहत होती, भावाचा कायदेभंग झाकला जात होता, आपली आठवण निर्दोष राहत होती. पण चालता चालता त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा एकच येई. त्या माणसानं जे केलं नाही त्यावर त्याचं नाव पितळेत कोरलंय. आणि जे त्यानं आपल्या हातानं केलं, एकट्यादुकट्यानं, आख्खं गाव खोटा ताप काढून पळालेलं असताना, ते आपण चारचौघांत खोटं ठरवलं. नाव न टाकता त्यानं तीन ठिपके दाबले होते. ते ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

त्यांनी वेंडेलला फोन केला. वेंडेलनी हॅनलींना. हॅनली म्हणाले, बाईंचं लेखी आणि सहीचं निवेदन हवं, मंडळाच्या पत्रिकेत छापावं लागेल.

"छापा," लॉटीबाई म्हणाल्या. "पण आधी गावाला मी सांगणार. गावानं ओहायोहून का ऐकावं?"

शुक्रवारी क्लबात तळलेल्या माशांचं जेवण होतं. दीडशे माणूस. भिंतीवरून बारा फाट्यांचा नर सगळ्यांकडे काचेच्या डोळ्यांनी बघत होता. लॉटीबाईंनी चमच्यानं पेला वाजवला आणि सरळ सांगून टाकलं: मेळ्यात मी चुकले. डॉक्टरांच्या गाडीतलं लोखंड खरं आहे, पंधरा नोव्हेंबरचंच आहे, आणि फ्लोरियननं त्याचा साचा लावला. त्यानं जन्मात हरीण मारलं नाही. तो दर वर्षी त्या दिवशी कामावर जायचा.

क्षणभर नुसता माशांचा वास होता. मग क्लबाचा अध्यक्ष रोमन झुकोव्स्की हळुवार आवाजात म्हणाला, "लॉटीमावशी, बसा. थोडं पाणी घ्या."

"मला पाणी नकोय, रोमन. तुझ्या पाटीवर खोटं लिहिलंय."

"पंधरा नोव्हेंबरला कामावर?" मागून कुणीतरी म्हणालं. "आपल्या गावातला माणूस? अन् तोही फ्लोरियन? मेलेल्या माणसावर असा आरोप करू नये हो!"

"अठ्ठ्याहत्तर म्हणजे होतंच," एक बाई शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू. "माझ्या सासूचंही असंच सुरू झालं. आधी तारखा गेल्या."

लॉटीबाईंनी भावाकडे पाहिलं. स्टॅश उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"ती खरं बोलतेय. तो नर मी मारला."

यावर जे हसू फुटलं त्यानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "वा रे स्टॅश!" रोमन डोळे पुसत म्हणाला. "एकोणचाळीस वर्षं वाट बघितलीस, बहिणीची आठवण गेली की हरीण लाटायला?" हेलननं नवऱ्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं. कुणीतरी लॉटीबाईंच्या खांद्यावर शाल घातली. त्या थंडी वाजत नसताना घरापर्यंत ती पांघरून गेल्या. चुकीचं सांगितलं तेव्हा भिंग लावणाऱ्या माणसापासून सगळ्यांनी मानलं होतं. आता गाव त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या उतरवत होतं.

हॅनलींनी मात्र मानलं. त्यांनी डब्यावरचे ठिपके मोजले, फोटोतले मोजले, दोन्हींतली अंतरं सारखी निघाली. डब्याची साक्ष त्यांना बाईंच्या साक्षीहून भक्कम वाटली, आणि तसं त्यांनी पत्रिकेत लिहिलंही. ऑक्टोबरात वेंडेलच्या गाडीला जन्माचा दाखला मिळाला.

पुढं हॅनलींनी तीन ठिपक्यांच्या ब्लॉकवर चाळीस पानांचा लेख लिहिला. त्यात त्यांनी असं मांडलं की ते ब्लॉक शर्यतीसाठी खास निवडलेले असावेत. लॉटीबाईंनी खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही. हॅनली अजून परीक्षक आहेत.

वेंडेलनी दाखला चौकटीत बसवून दवाखान्यात लावला. गाडी इतकी अस्सल ठरली की रस्त्यावर काढायची त्यांना भीती वाटू लागली. २०१३ साली त्यांनी ती टेनेसीतल्या एका संग्रहालयाला दिली आणि बायकोसाठी एक साधी, रोज धावणारी गाडी घेतली.

स्टॅश २०१० साली वारला. शेवटपर्यंत तो शुक्रवारी क्लबात जात राहिला, पण खुर्ची फिरवून, भिंतीकडे पाठ करून बसू लागला. रोमन झुकोव्स्कीनं पाटी उजळून घेतली. हेलन मुलाकडे विस्कॉन्सिनला गेली.

लॉटीबाई आणखी आठ वर्षं जगल्या. गावात कुणी त्यांना तारखा विचारेनासं झालं. फादर थेट नोंदवही उघडू लागले आणि दोनदा चुकले. २०१२ साली टोलेडोला लेकीकडे राहायला गेल्यावर त्यांना स्वीडनहून, मंडळाची पत्रिका वाचणाऱ्या एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांच्याकडे तीन ठिपक्यांचा ब्लॉक होता, बासष्ट सालच्या सात मेचा, आणि त्या दिवसाबद्दल बाईंना काही आठवतं का, असं त्यांनी विचारलं होतं. लॉटीबाईंनी त्यांना सहा पानी उत्तर लिहिलं.

त्यांना वाटलं होतं तेवढं उत्तर लांबलं नाही. स्वीडनच्या गृहस्थांनी उलट टपाली आभार मानले, आणि मग दर महिन्याला एकेक तारीख विचारत राहिले.